पाड्यावरची पोरं कुणी सांभाळली?

१९२२ साल लागलं तेव्हा पालघरच्या किनाऱ्यावर देवी आली. पहिल्यांदा कोळीवाड्यांत. अंगावर फोड उठवणारी, लेकरं घेऊन जाणारी देवी. तिचा कोप शांत करायचा आणि तिला पुढच्या गावाकडे वाटेला लावायचं, ही जुनीच रीत. पण या खेपेला देवी किनारा सोडून डोंगराकडे चढली. डहाणू, जव्हार, धरमपूर करत नोव्हेंबरपर्यंत ती सुरत जिल्ह्यात पोचली आणि वाटेत तिची बोली बदलली. फोडांचा विषय मागे पडला. अंगात आलेला माणूस मांडवात बसून सांगू लागला: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्या शेठच्या कामाला जाऊ नका. हजारो आदिवासी जमायचे, ऐकायचे, आणि घरी जाऊन मडकी फोडायचे. या देवीला सालाबाई असंही नाव होतं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी सरकारी दप्तरं चाळून आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून तिचा माग काढला. १९८७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, नाहीतर ही सगळी चळवळ 'अंधश्रद्धेची एक लाट' म्हणून एखाद्या कलेक्टरच्या अहवालातच पडून राहिली असती.

त्या देवीला कुणी पुढारी नव्हता, मिशनरी नव्हता, समाजसेवक तर नव्हताच. सांगणारे आदिवासी, ऐकणारे आदिवासी. वाट चुकू पाहणाऱ्या पोरांना आपल्याच माणसांनी समोर बसवून चार गोष्टी सांगण्याचा, उत्तर कोकणातला एवढा मोठा प्रयोग त्याआधी नोंदलेला सापडत नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे सगळं दूरचं वाटेल. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत वाशी-ऐरोली आणि जव्हार-मोखाडा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. आजही विभागीय आयुक्त बसतात बेलापूरच्या कोकण भवनात, त्यामुळे तिकडच्या पाड्यांचे मोर्चे इकडे येतात. पावसाच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात शेवळं, कुरडू, टाकळा घेऊन बसणाऱ्या बाया कर्जत-पेणकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून येतात. आणि ज्या विटांनी शहराच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या थापणारे हात मोठ्या प्रमाणात आदिवासींचेच.

दारूची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. 'आदिवासी म्हणजे व्यसनी' असं जे सर्रास बोललं जातं, त्यामागे एक कायदा आहे. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची आणि सणासुदीला घरच्या घरी थोडी दारू गाळायची, हा पाड्यावरचा जुना शिरस्ता. १८७८ नंतर मुंबई सरकारने आबकारीची घडी बसवली. गाळप ठेकेदाराकडे गेलं, विक्री गुत्त्यावर आली. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंदी घातली. घरची दारू गुन्हा ठरली, गुत्त्याची मात्र हवी तेवढी प्या, वर उधारीवर प्या. उधारी वाढली की जमीन शेठच्या नावावर. पोरगा वयात येईपर्यंत बापाचं शेत गेलेलं असायचं आणि पोराच्या हाती उरायची ती त्याच शेतावरची मजुरी. देवीने गुत्तेवाल्याचं नाव उगाच घेतलं नव्हतं.

दुसरा सापळा लग्नाचा. तलासरी-डहाणू भागात एक शब्द होता: लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि फेडीपोटी त्याच्या वाडीवर राबायचं. एकट्याने नाही, नव्या बायकोसह. हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या पेटीत, त्यामुळे कर्ज फिटायचं नाही. अठरा-वीस वर्षांचा पोरगा अंगाची हळद उतरायच्या आत वेठीला लागायचा आणि त्याच वाडीवर म्हातारा व्हायचा. आज 'जोखमीतली तरुण मुलं' असा शब्दप्रयोग कागदोपत्री होतो. वारल्यांच्या बाबतीत ती जोखीम नेमकी लग्नाच्या वयात मांडवाखाली उभी असायची.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या 'ॲबोरिजिनल अँड हिल ट्राइब्ज'वर केलेला अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. जंगलचे ठेकेदार, सावकार, वेठ, सगळं त्यात आलं आहे. मथळ्यातला पहिला शब्द ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांसाठी वापरतात तोच. साम्राज्याने दोन्हीकडे एकच चिठ्ठी चिकटवली होती. तिकडे आदिवासी मुलांना 'सुधारण्यासाठी' आईबापांपासून तोडून संस्थांत नेण्याचा उद्योग विसाव्या शतकात साधारण १९७० पर्यंत चालला आणि त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. पोलिसांच्या आणि तुरुंगाच्या कोठडीत मेलेल्या ९९ जणांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल तिथे १९९१ मध्ये आला. आता तिथली वडीलधारी मंडळी कोर्टकचेरीच्या फेऱ्यात सापडलेल्या पोरांना घेऊन आपल्या मूळ भूमीवर जातात, मुक्काम करतात, माग काढायला आणि गोष्टी सांगायला शिकवतात. हे शहाणपण शासनाला पटायला तिथे पिढ्या खर्ची पडल्या.

आपल्याकडे मुलं तोडून नेली नाहीत, पण सुधारणारे बाहेरूनच येत राहिले. बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलांना शिकवायला बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गोदुताई परुळेकर तर पायी फिरून पाड्यापाड्यावर राहिल्या. २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठ, लग्नगडी बंद म्हणजे बंद, असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले. या माणसांचं ऋण मोठं आहे आणि इथे ते कमी लेखायचं नाही. तरीही एक बारीक फरक राहतोच. बाई शिकवणार, पोर शिकणार. पुढारी बोलणार, वारली ऐकणार. माह्या धांगडासारखा आदिवासी कार्यकर्ता पहिल्यापासून बरोबर होता, पण पुस्तकांच्या पाठीवर नाव येतं ते बाहेरून आलेल्याचं.

याच सुमारास कातकऱ्यांचं काय चाललं होतं? खैराची झाडं तोडून, गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून कात करणारे म्हणून ते कातकरी. जंगल सरकारजमा झालं तसा धंदा गेला. मग कोळसा पाडणं आणि नंतर वीटभट्टी. नवी मुंबईच्या अगदी पाठीशी, उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातला एक हुतात्मा नाग्या महादू कातकरी. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरला मानवंदना होते. महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित गणलेल्या तीन जमातींत कोलाम आणि माडियांबरोबर कातकरी आजही आहेत. नाग्याचा पुतळा आणि त्याच्या पणतवंडांच्या वयाची भट्टीवरची पोरं, यांच्यामधलं अंतर मोटारीने फार नाही.

मोठं वळण आलं ते १९७० मध्ये. देशभर डाव्या आणि समाजवादी पक्षांनी भूमिमुक्तीचा सत्याग्रह पुकारला. पालघर तालुक्यातल्या आदिवासी तरुणांनीही त्यात उडी घेतली, तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पक्षांच्या दृष्टीने कार्यक्रम संपला आहे. फोटो निघाले, बातम्या आल्या, जमीन मात्र सावकाराकडेच. काळूराम धोदडे आणि त्यांच्या साथीदारांनी मग आपलीच संघटना बांधली आणि नाव ठेवलं भूमीसेना. कुळकायद्याने जी जमीन कागदावर आदिवासींची होती, तिच्यावरचं पीक सावकाराला उचलू द्यायचं नाही, इथून सुरुवात झाली. पुढे किमान वेतन, रोजगार हमीची कामं, १९७६ च्या कायद्यानंतर वेठबिगारांची सुटका, असा पल्ला वाढत गेला.

मध्येच एक फसलेला डावही आहे आणि तोच जास्त शिकवणारा. शेतीत सुधारणा करू, बँकेचं कर्ज मिळवू, असं म्हणत बाहेरचे जाणते लोक आले. हिशेब, अर्ज, मंजुऱ्या सुरू झाल्या. निर्णय पुन्हा शिकलेल्यांच्या हाती गेले आणि आदिवासी पुन्हा मान डोलावणारे झाले. भूमीसेनेने त्यातून अंग काढून घेतलं. त्यानंतरचा त्यांचा भर राहिला तो गावोगावच्या तरुण मंडळांवर.

'तरुण मंडळ' म्हटलं की शहरातल्या वाचकाला गणपतीचा मांडव आणि पावतीपुस्तक आठवेल. हे तसं नव्हतं. पाड्यावरची पोरं रात्री एकत्र बसायची. कुणाला मजुरी कमी मिळाली, कुणाची जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर चढली, कोण दारूत बुडतोय, हे बोललं जायचं. शिबिरं भरायची, आणि त्यांत बोलणारा वक्ता म्हणजे त्याच भागातला मजूर. गावातल्या प्रश्नावर निर्णय गावच्या मंडळाने घ्यायचा, भूमीसेनेने मदतीला जायचं ते बोलावल्यावर. ही शिस्त इतकी वेगळी होती की १९७९ मध्ये चार अभ्यासकांनी तिच्यावर लिहिलेला प्रबंध जगभर वाचला गेला. लोकांनी स्वतःच स्वतःचा अभ्यास करायचा, ही कल्पना जगातल्या विद्यापीठांत पुढे शिकवली गेली, त्यात मनोर-पालघरकडच्या या पोरांचा वाटा आहे. त्यांच्यातल्या कितीजणांना याची खबर लागली असेल, देव जाणे.

तिकडे शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने भजनाच्या वाटेने माणसं जोडली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि पुढल्या वर्षी आदिवासी बायांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. देवीने पन्नास वर्षांपूर्वी मांडवातून सांगितलेलं काम बायांनी हातात दांडकं घेऊन केलं. याच संघटनेतून वाहरू सोनवणे पुढे आले. त्यांच्या 'गोधड' संग्रहातली 'स्टेज' ही कविता आता अभ्यासक्रमांत असते. आदिवासींच्या दुःखावर व्यासपीठावरून दुसरेच बोलतात आणि आदिवासी समोर जमिनीवर बसून ऐकतो, हा तिचा विषय. कार्यकर्त्यांना ती झोंबली आणि झोंबायलाच हवी होती.

जमिनीची, मजुरीची लढाई एका टप्प्यावर आली तेव्हा धोदडे, सोनवणे आणि गुजरात-राजस्थान-मध्य प्रदेशातले त्यांचे सोबती दुसऱ्याच प्रश्नाशी येऊन ठेपले. पोरगा आश्रमशाळेत गेला, दहावी झाला, पँट-शर्ट घालून आला, आणि आता त्याला आपली बोली बोलायची लाज वाटते. शेतात तो रमत नाही आणि शहर त्याला घेत नाही. बेड्या नाहीत, पण पोर हातचं गेलंच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी एकता परिषद उभी राहिली ती या जाणिवेतून. दरवर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, चार राज्यांतल्या कुठल्या तरी गावी तिचं सांस्कृतिक महासंमेलन भरतं. २०२० चं पालघरला होतं. लाखाच्या घरात माणसं येतात, धान्य गोळा करून रांधतात, आपापली वाद्यं वाजवतात. भाषणंही होतात, आणि खरं सांगायचं तर काही फारच लांबतात. पण पोरांची गर्दी असते ती ढोल आणि तारप्याभोवती.

तारपा जवळून पाहण्यासारखी वस्तू आहे. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात घट्ट बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि खाली ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत रुंद होत गेलेला कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. चांगल्या तारप्याला भोपळाच तसा लागतो, मान लांब आणि पोट गोल, म्हणून तो वेलावर असल्यापासून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गालात हवा धरून नाकाने नवी ओढतो, त्यामुळे सूर मध्ये थांबत नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव या वाद्याने देशभर नेलं, पण ते शिकले घरातच, वडीलधाऱ्यांचं पाहून. नाचणारी साखळी तारपेवाल्याभोवती फिरते आणि त्याला पाठ दाखवत नाही. नवखं पोर साखळीच्या शेपटाला जोडलं जातं. त्याला कुणी पावलं मोजून शिकवत नाही. शेजारच्याच्या कमरेत हात असतो आणि पाय चुकला तर त्या हातालाच आधी कळतं.

लग्नातही असंच काहीसं. वारल्यांचं लग्न लावते धवलेरी. ती बाई गाणी म्हणत रात्र जागवते आणि त्या गाण्यांत जग कसं झालं इथपासून नवरा-नवरीने कसं वागावं इथपर्यंत सगळं येतं. पैसा नसेल तर जोडप्याने एकत्र राहावं आणि लग्न मागाहून लावावं, याला समाजात मज्जाव नव्हता. मुलांच्या लग्नाबरोबर आईबापांचंही लग्न लागल्याची उदाहरणं पाड्यांवर सर्रास सापडतात. सावकाराच्या उचलीवर हा घरचाच उतारा होता. त्याला 'मागासलेपणा' ठरवून थाटामाटाचं लग्न हीच प्रतिष्ठा असं पोरांच्या मनात भरवणारे कोण, हेही एकदा कुणीतरी नीट लिहायला हवं.

म्हणून पाड्यावरचं सगळंच सोनं होतं असं मात्र नाही. भगताच्या सांगण्यावरून एखाद्या बाईला भुताळी ठरवून मारझोड करण्याचे प्रकार याच जिल्ह्यांत घडले आहेत. तरुण मंडळांत मुली कमीच होत्या. संघटनांत फुटी पडल्या, निवडणुका आल्या की झेंडे बदलले. १९९२ मध्ये जव्हार भागातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हा इतक्या वर्षांच्या चळवळीने काय कमावलं हा प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःलाच विचारला.

नव्या पिढीची तऱ्हा वेगळी. नोकरीनिमित्त मुंबई-ठाण्यात स्थिरावलेल्या आदिवासी मुलांनी इंटरनेटवर एकमेकांना शोधून 'आदिवासी युवा शक्ती', म्हणजे आयुश, हे जाळं विणलं. पुढे कुठल्या कॉलेजला जावं, जातपडताळणीचा कागद कुठे अडतो, नोकरीची जाहिरात कुठे निघाली, हे पाड्यावरच्या पोराला त्याच्याच बोलीत सांगणारं माणूस फोनवर सापडू लागलं. वारली चित्रांचंही तसंच. एकेकाळी लग्नाचा चौक लिहिण्याचं हे बायांचं काम. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ते कागदावर आणलं आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. मागून कितीतरी तरुण त्यावर पोट भरू लागले. मात्र नक्षी छापणारे कारखानदार त्याहून जास्त पोट भरू लागले. तेव्हा आदिवासी युवा सेवा संघाने अर्ज करून २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवलं. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींच्या स्वागतकक्षात भिंतीवर तारप्याचं चक्र रंगवलेलं दिसतं. ते कुणी काढलं, त्याला किती मिळाले, हे विचारायला आता निदान एक कागद आहे.

शहापूरची गोष्ट त्याहून साधी. कातकरी तरुण सुनील पवार आणि त्यांचे दहा-बारा मित्र गावातल्या जाणत्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेली गुळवेल गोळा करून विकू लागले. वनधन केंद्राची मदत मिळाली आणि २०२१ च्या सुमारास मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली. रक्कम होती १ कोटी ५७ लाख रुपये. भट्टीवर जाणारी काही कुटुंबं त्या हंगामात गावात राहिली. वेल ओळखायची कशी, तोडायची किती आणि खोड ठेवायचं किती, हे पोरांना म्हाताऱ्यांनी दाखवलं.

भाताची लोंबी पिकू लागली की पाड्यावर तारपा निघतो आणि दिवाळीपर्यंत रात्री जागत्या राहतात. दिवाळी सरली की तो आढ्याला टांगला जातो. त्याच आठवड्यात, उचल दिलेल्या घरांसमोर भट्टीवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या वर चढतात, मग म्हातारी, मग शाळेचं दप्तर तसंच खुंटीला ठेवून आलेलं पोर. टेम्पो भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे निघतो आणि पहिल्या पावसाआधी काही तो परत येत नाही.